खिंडीतला निरोप्या

वॉकी-टॉकीवरच्या या पुस्तिकेच्या पहिल्या खर्ड्यावर ‘मोबाइलला पर्याय’ असं नाव होतं. ते बदला, असा मी लेखकमंडळींकडे हट्ट धरला आणि त्यांनी तो पुरवला. वॉकी-टॉकी हा मोबाइलला पर्याय नाही. तसं समजून जो तो विकत घेतो, त्याचा पहिल्याच घाटवाटेत विरस होतो. मग ते दोन संच माळ्यावर जातात आणि काही दिवसांनी पोरांच्या खेळण्यांत सापडतात.

मोबाइलवरून आपण माणसाला हाक मारतो. तो कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. त्याला शोधून काढायचं काम टॉवर, जमिनीखालच्या केबली आणि कंपनीचे संगणक करतात. रेडिओत मधे कुणीच नाही. माझ्या हातातला संच आणि तुमच्या हातातला संच, बस्स. त्यामुळे कंपनी जे करते ते सगळं आपल्या गळ्यात येतं. कोण कुठे असेल, किती वाजता ऐकत असेल, मधे डोंगर आडवा आला तर निरोप पुढे कोण नेईल? हे निघण्याआधी ठरलं असेल तर अर्ध्या वॉटचा साधा संचही कामाला येतो. ठरलं नसेल तर कितीही महागडा संच घ्या, त्यातून खरखर तेवढी ऐकू येईल. या पुस्तिकेची निम्म्याहून अधिक पानं यंत्राविषयी नाहीत, या ठरवाठरवीविषयी आहेत. काही वाचकांना ते खटकेल. मला तोच तिचा गुण वाटतो.

ही ठरवाठरव आपल्या मुलखाला नवी नाही. पावनखिंडीची कथा आपल्याला पाठ आहे. जुलै १६६०, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे धाव, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि गडावरून होणारे तोफांचे आवाज. आपण त्या कथेतला पराक्रम सांगतो, पण तिच्यातल्या संदेशव्यवस्थेकडे सहसा कुणी पाहत नाही. निरोप एकच आणि तो आधीच ठरलेला: राजे गडावर पोचले. तो पोचवायला आवाज असा निवडला की डोंगर ओलांडून येईल. उणीव एवढीच होती की खिंडीतून उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. दुहेरी रेडिओनं ती सोय केली. बाकीचे नियम जवळजवळ तेच राहिले.

आता सह्याद्रीकडे येऊ, कारण ही पुस्तिका प्रामुख्यानं सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी आहे. आपल्या घाटात रेंज नसते याचं कारण टॉवर कमी आहेत एवढंच नाही. टॉवर उभा राहतो तो वस्ती आणि रस्ता बघून, आणि त्याच्या अँटेनांची तोंडंही तिकडेच असतात. दरीच्या तळाशी, नाळेत, कड्याच्या पोटात कुणी अडकेल असा विचार करून कुणी टॉवर उभारत नाही. गावातल्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं. वाडीपासून चालत वर गेलं की अमक्या दगडावर रेंज येते, हे कुठलाही गुराखी पोरगा सांगतो. तो दगड नेहमी एखाद्या धारेवर किंवा सोंडेच्या टोकाशी असतो. पुस्तिकेतलं दुसरं प्रकरण त्या पोराला आधीच समजलेलं आहे.

हातात धरायचे संच बहुतेक व्हीएचएफ किंवा यूएचएफ पट्ट्यात चालतात. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास लहर दोन मीटरची असते, साडेचारशेच्या आसपास पाऊण मीटरहून जरा कमी. या लहरी विजेरीच्या झोतासारख्या वागतात: समोर मोकळं असेल तर लांबवर जातात, डोंगर आला की अडतात. कड्याच्या धारेवरून त्या थोड्या वाकतात, समोरच्या भिंतीवर आपटून थोड्या परततात, म्हणून अधूनमधून अशक्य वाटणाऱ्या जागीही आवाज पोचतो. त्यावर विसंबू नये. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांमधली पृथ्वीची गोलाई हिशोबात धरली तर कागदावर जास्तीत जास्त दहाएक किलोमीटर मिळतात. खोक्यावर त्याहून मोठे आकडे छापलेले दिसतात, ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर बोलणाऱ्यांचे असावेत. झाडीत एक-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ झालं. भर पावसात, पानं निथळत असताना, यूएचएफचा आवाज आणखी दबतो.

हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घ्या. गड समुद्रसपाटीपासून १४२४ मीटर उंच आहे. कोकणकड्याच्या काठावर उभं राहून खाली बेलपाड्याशी बोलायचं असेल तर लहानसा संचही पुरतो, कारण गाव डोळ्यांसमोर दिसतं. त्याच जागेवरून पाठीमागच्या खिरेश्वराला हाक मारा. अंतर फार नाही, पण मधे अख्खा गड आहे. नळीच्या वाटेनं कुणी चढत असेल तर त्याला खालचं बेलपाडं ऐकू येईल आणि वरचा काठ बहुधा येणार नाही, जरी त्याला काठच जवळ असला तरी. नकाशावरच्या अंतराला इथे किंमत नाही. दिसतं का, एवढाच प्रश्न विचारायचा.

यातून जे निघतं ते नवख्यांना पटत नाही: जास्त शक्तीचा संच घेऊन प्रश्न सुटत नाही. मोकळ्या जागेत शक्ती चौपट केली तर पल्ला दुप्पट होतो. बेसाल्टच्या भिंतीमागे मात्र चौपट शक्तीचाही उपयोग होत नाही. तिथे उपयोग होतो तो दहा मिनिटं चढून सोंडेवर जाण्याचा. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे तो याच कारणासाठी. आपल्याकडे मनोरा नसतो, म्हणून माणूस ठेवावा लागतो.

त्या माणसाविषयी मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण पुस्तिकेत तो आहे पण त्याला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. दोन तुकड्या डोंगराच्या दोन बाजूंना असतील आणि एकमेकींना ऐकू येत नसतील, तर तिसरा माणूस खिंडीत बसवायचा, जिथून दोन्ही बाजू दिसतात. त्यानं एका बाजूचं ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूला सांगायचं. यंत्राच्या भाषेत हेच काम रिपीटर करतो: एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा बोलतो. यंत्र थकत नाही. माणूस थकतो, भिजतो, त्याला झोप येते आणि सगळी गंमत दुसऱ्याच बाजूला चालली आहे असं त्याला वाटतं. म्हणूनच बहुतेक गट या कामाला सर्वांत नवा, सर्वांत दमलेला किंवा पाय मुरगळलेला गडी बसवतात. माझ्या मते हे साफ उलटं आहे. खिंडीत सर्वांत शांत डोक्याचा माणूस हवा. तो ऐकलेल्या निरोपात स्वतःचं काही घालत नाही. ‘दोघांना खरचटलंय, एकाचा पाय हलत नाही’ असं आलं की तसंच पुढे देतो, ‘तिघे जखमी’ असा त्याचा सारांश करत नाही. निरोप लिहून घ्यायला त्याच्याकडे वही आणि पेन्सिल असते. पेन पावसात चालत नाही.

पावसाळी धबधब्यांवर दोरानं उतरण्याचे कार्यक्रम आता दर रविवारी असतात. तिथे रेडिओची गरज सगळ्यांना पटते, कारण पाण्याच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही. पण दोरावर लटकलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्याला बटण दाबता येत नाही. संच वरच्या आणि खालच्या माणसाकडे हवेत, आणि दोरावरच्यानं शिट्टी वापरावी. काही जण आवाज आला की आपोआप चालू होणारी सोय लावून ठेवतात. धबधब्याजवळ ती पाण्याच्या आवाजानंच चालू होते, संच अखंड धबधबा प्रसारित करत बसतो आणि त्या चॅनलवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही.

बोलण्याच्या शिस्तीचं प्रकरण परदेशी पुस्तकांवरून भाषांतरित केलेलं नाही, याचा मला विशेष आनंद आहे. इंग्रजी सूचना जशाच्या तशा उचलल्या असत्या तर आपली खरी अडचण त्यांत आलीच नसती. संचाचं बटण दाबल्यावर वाट खुली व्हायला एक क्षण लागतो, म्हणून घाईनं बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर तुटतं. बटण लवकर सोडलं तर शेवटचं तुटतं. मराठीत नकार शेवटी येतो. ‘दोर सोडू नका’ यातलं ‘नका’ गळालं तर काय उरतं, याचा विचार करा. ‘पुढे येऊ नको’चंही तसंच. म्हणून पुस्तिका सांगते की रेडिओवर नकारार्थी आज्ञा द्यायचीच नाही. ‘थांब. थांब. जिथे आहेस तिथे थांब.’ असं म्हणायचं आणि समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचं. आकड्यांचंही तेच. सव्वीस आणि छत्तीस, पंचावन्न आणि पंचाहत्तर खरखरीत एकसारखे ऐकू येतात. ‘दोन सहा’ आणि ‘तीन सहा’ येत नाहीत. ‘वर’, ‘खाली’, ‘डावीकडे’ हे शब्द तर डोंगरात धोक्याचेच आहेत, कारण दोघांची तोंडं एकाच दिशेला असतीलच असं नाही. ‘पाण्याच्या टाक्याकडून बुरुजाच्या बाजूला’ असं सांगावं.

‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एका दमात म्हणणं फक्त सिनेमात शोभतं. माझ्या एका मित्राच्या गटात ‘ओव्हर’ऐवजी ‘बोल’ म्हणतात आणि मला ते जास्त आवडतं. शब्द कुठलाही चालेल, फक्त सगळ्यांचा एक हवा.

रेडिओचा आणखी एक स्वभाव मोबाइलच्या सवयीमुळे आपण विसरलो आहोत. इथे सगळे सगळं ऐकतात. पुष्कळ संचांवर ‘प्रायव्हसी कोड’ नावाची सोय असते. तिनं तुमचं बोलणं लपत नाही, तुम्हाला इतरांचं ऐकू येत नाही इतकंच. डोंगरात ती बंद ठेवावी. सगळ्यांनी सगळं ऐकणं ही अडचण नाही, सोय आहे. मागचा माणूस दमला हे पुढच्याला न विचारता समजतं.

या सोयीचं सर्वांत सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या आतल्या मुलखात शेजारचं घर शंभर-शंभर किलोमीटरवर असे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकानं १९२८ साली क्लॉनकरीहून विमानातून डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? अॅडलेडच्या अल्फ्रेड ट्रेगर या विद्युत अभियंत्यानं पायानं पेडल मारून चालणारं जनित्र बसवलेला संच तयार केला आणि १९२९ पासून तो दूरच्या पशुपालकांच्या घरी बसू लागला. वीज नको, बॅटरी चार्ज करायला नको. सुरुवातीला मोर्सची टकटक लागायची आणि घरातल्या बायकांना मोर्स येत नव्हतं. ट्रेगरनं मग टंकलेखनयंत्रासारखा कळफलक केला: अक्षर दाबा, मोर्स आपोआप जाईल. पुढे आवाज आला. आणि आवाज आल्यावर काय झालं? ठरलेल्या वेळी त्या बायका संचाशी बसून एकमेकींशी गप्पा मारू लागल्या. कलकल करणाऱ्या गॅला पोपटांवरून त्या वेळेला लोकांनी गमतीनं नाव दिलं, ‘गॅला सेशन’. १९५१ साली याच जाळ्यावर ॲलिस स्प्रिंग्जला रेडिओशाळा सुरू झाली. जे यंत्र आजारपणासाठी आणलं, ते रोजच्या गप्पांमुळे चालू स्थितीत राहिलं. आपल्या बचावगटांचे संच वर्षभर डब्यात बंद असतात आणि नेमक्या हाकेच्या दिवशी त्यांच्या बॅटऱ्या मेलेल्या असतात. त्यांनी या बायकांकडून शिकावं.

वॉकी-टॉकी हे युद्धाचं अपत्य आहे असं सर्रास लिहिलं जातं. दुसऱ्या महायुद्धानं त्याला प्रसिद्धी दिली हे खरं. मोटोरोलाचा एससीआर-३०० हा पाठीवर वाहायचा संच त्याच काळातला. पण त्याआधीच, १९३७ साली, कॅनडात डोनाल्ड हिंग्स यांनी आपल्या खाणकंपनीसाठी असा उचलून नेता येणारा संच बनवला होता. रानावनात उतरणाऱ्या तिच्या वैमानिकांना तो हवा होता. म्हणजे जिथे तार नाही, रस्ता नाही, अशा मुलखासाठीच हे यंत्र जन्माला आलं.

आपल्याकडे ते कुठेकुठे आहे? मेळघाटच्या संरक्षण कुटींतल्या वनरक्षकांकडे आहे. कोकणातल्या मासेमारी नौकांवर आहे. समुद्र सपाट असल्यामुळे तिथे व्हीएचएफचा हिशोब सरळ असतो: अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावा, क्षितिजापर्यंत बोला. तांडेलाला चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेला चॅनल आहे हे सांगावं लागत नाही. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, हा आणखी वेगळा वर्ग. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांनी निरोप पोचवण्याचं काम केलं. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्यासोबत हॅम मंडळींचा एक गट हौसेखातर अंदमानात संच लावून बसला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून मुख्य भूमीशी बोलणं सुरू राहिलं. त्यांचे एचएफ संच आपल्या हातसंचांहून वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्या लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परततात, म्हणून डोंगर त्यांना अडवत नाही. अँटेना मुद्दाम खाली, जमिनीलगत बांधली तर लहर सरळ वर जाते आणि आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पावसासारखी उतरते. दरीतून जिल्ह्याच्या गावाशी बोलायला याहून चांगला उपाय नाही, पण त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

घाटातल्या गावांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं, तेव्हा जगाला ते समजलं एसटीच्या एका चालकामुळे. तो गाडी घेऊन गेला आणि त्याला गावच दिसलं नाही. २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूण पाण्यात होतं, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते, आणि तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी खालच्या वाडीत एक संच, वरच्या गावात एक आणि दर तासाला ऐकायची ठरलेली वेळ एवढं असतं तर दरड थांबली नसती, पण बातमी अडकून राहिली नसती.

कायद्याविषयी दोन शब्द, कारण या बाबतीत बाजारात भलताच गोंधळ आहे. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांपासून आजच्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत आपल्याकडे नियम एकच: परवान्याशिवाय प्रसारण नाही, आणि त्याला ठरावीक अपवाद. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे, सरकारी मान्यता मिळालेले संच परवान्याविना वापरता येतात. २७ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टा पाच वॉटपर्यंत खुला आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे संच या अपवादात बसत नाहीत. ते पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या बोलण्यातही घुसू शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यांच्या ऑनलाइन विक्रीवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. हॅमचा परवाना बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देऊन मिळतो, पण त्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही, म्हणजे पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना तो उपयोगाचा नाही. उपग्रहफोनाचं तर नावच काढू नका. परवानगीविना तो बाळगणं गुन्हा आहे, आणि खिशात मावणारं उपग्रह-संदेशयंत्र घेऊन गोव्याच्या विमानतळावर गेलेल्या परदेशी पाहुण्यांनाही त्याचा अनुभव आला आहे. काही ट्रेकर म्हणतील, जीव वाचवायला कायदा कशाला आडवा? माझं म्हणणं इतकंच की अर्ध्या वॉटचा कायदेशीर संच आणि खिंडीतला एक शहाणा माणूस यांनी जेवढं काम होतं, तेवढं अजून बहुतेक गटांनी करून पाहिलेलंच नाही.

अमेरिकेतल्या हॅम मंडळींचा एक संकेत पुस्तिकेत थोडा बदलून घेतला आहे. रानात असताना सकाळी सातपासून दर तीन तासांनी, ठोक्याला, पाच मिनिटं संच चालू करून ऐकायचं. एरवी बंद. बोलताना बॅटरी सर्वांत वेगानं खर्च होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दिवसभर नुसतं ऐकत राहूनही ती हळूहळू संपतेच. आपल्याकडे पावसाळ्यात तीन तास फार होतात, म्हणून लेखकांनी एक तास केला आहे. मला हा बदल योग्य वाटतो.

पुस्तिका वाचून झाली की पावसाआधीच्या एखाद्या रविवारी राजगडावर जा. परवानामुक्त तीन संच न्या. एक जण सुवेळा माचीच्या टोकाला, एक संजीवनीच्या टोकाला, आणि तिसरा आधी पद्मावतीवर. सुवेळा आणि संजीवनी यांच्यामधे बालेकिल्ल्याचा खडक येतो, त्यामुळे थेट बोलणं तुटक होईल किंवा होणारच नाही. आता तिसऱ्याला बालेकिल्ल्यावर चढवा आणि त्याच्यामार्फत एक लांब, आकड्यांनी भरलेला निरोप पाठवा. तो दुसऱ्या टोकाला कसा पोचला हे कागदाशी ताडून पाहा. मग जागा बदला, तटाच्या आडोशाला बसा, संच कमरेला लावून आणि डोक्याजवळ धरून, अँटेना आडवी आणि उभी करून तोच निरोप पुन्हा द्या. जिथे जिथे आवाज तुटला, त्या जागा नकाशावर पेन्सिलीनं टिपून ठेवा. पुढच्या आवृत्तीसाठी लेखकांना असे नकाशे हवे आहेत, राजगडाचेच नव्हे, तुमच्या तुमच्या घाटांचेही.